दोरी लावून आणलेली गाडी

दादा, तुझी गाडी दोरी लावून ओढत आणली रे ह्यांनी! कर्नाळ्यापासून थेट आपल्या आळीपर्यंत, जगूच्या टेम्पोच्या मागे बांधून, बाजारातून म्हैस आणतात तशी. आणि दारात उभी करून वर बॉनेटवर झेंडूचा हार घातला. तू आत चादरीखाली, मी तुझ्या उशाशी, आणि बाहेर जगू, आपला चुलतभाऊ, चार लोकांना सांगत होता, "दादा जायच्या आधी दादाची गाडी दारान आणली बघ." लोक त्याची पाठ थोपटत होते. मला तेव्हाच उठून त्याच्या कानाखाली वाजवायची होती. पण बायकांनी मला दोन्हीकडून धरून ठेवलं होतं. त्यांना वाटलं मी कोसळतेय.

तुझे दिवस होईपर्यंत मी तोंड मिटून बसले. आज तेरावं उरकलं. आता बोलते. आणि पहिलं भांडण तुझ्याशीच आहे. मेलास म्हणून तुला सोडेन अशा भ्रमात राहू नकोस.

ती गाडी आणलीस तेव्हा अख्खी आळी हसली होती, आठवतंय? तू न्हावा-शेव्याला बंदराच्या कामावर डंपर चालवायचास. काम संपलं, परदेशी कंपनी गाशा गुंडाळून निघाली आणि जाताना गाड्या लिलावात काढल्या. लोकांनी डंपर घेतले, कोणी जनरेटर घेतला. तू काय घेतलंस, तर साहेबाची डिझेलची पिकअप, जिला क्लचच नाही! बाबा दारात येऊन वाकून बघत होते. "दोनच पेडल? तिसरा कुठं पडला रं?" गॅरेजवाले तर रोज एक नवीन भविष्य सांगायचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणे आपल्या रस्त्यात एक पावसाळा काढत नाही. ह्याचा पार्ट इथे मिळत नाही, मुंबईत मिळत नाही, बिघडली की कोंबड्यांचं खुराडं कर तिचं. तू मान डोलवायचास आणि म्हणायचास, "कंपनीतून आलेला गिअरबॉक्स हाय. अजून कोनी उघडला नाय. कोनी हात लावत नाय तवर तो टिकनार."

मला वाटलं, स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. तू एक दिवस पेणच्या रस्त्याला पोल्ट्रीच्या आवारात गाडी थांबवलीस, खाली उतरलास, माझ्या बाजूचा दरवाजा उघडलास आणि म्हणालास, "बाय, सरक तिकडं." मी म्हटलं, कुठे तिकडं? म्हणालास, "स्टेअरिंगवर. हिला डावा पाय लागतच नाय."

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला, हे आळीत सगळ्यांना ठाऊक. काठीशिवाय मला दारातून हलता येत नाही. सायकल नाही, लुना नाही, काही नाही. आईने माझ्या नावाने केलेले उपास आणि बघायला येऊन चहा पिऊन गेलेले पाहुणे, एवढाच माझा हिशोब होता. आणि तू मला सांगत होतास की जगात अशी एक गाडी आहे जिला माझा तो पाय लागतच नाही. मी हसत होते की रडत होते ते मला आता सांगता येत नाही. तू मात्र लगेच ओरडायला लागलास. "रडतेस काय? ब्रेकवर पाय ठेव आदी!"

शिकवलंस कसं, तर शिव्या घालून. लिव्हर पी वर, म्हणजे पार्कवर असेल किंवा एन वर, म्हणजे न्यूट्रलवर असेल तरच गाडी चालू होणार. डी वर, म्हणजे पुढे जायच्या गिअरवर ठेवून चावी फिरवलीस तर आवाजसुद्धा यायचा नाही, मग बसशील बॅटरीला शिव्या देत. थांबलीस की पी. उतरायच्या आधी पी. हँडब्रेक ओढलास तरी पी. "पार्कमंदी टाक! पार्कमंदी टाक!" पोल्ट्रीतल्या कोंबड्या सुद्धा शिकल्या असतील ते. आणि गिअरबॉक्सचं तेल बघायचं ते इंजिन चालू ठेवून. लाल तेल. तेल मोजायची पट्टी काढून तू माझ्या नाकाखाली धरायचास. "वास घे. जळका वास आला म्हंजे समजायचं, मेली." मी म्हणायचे, लोक बहिणीला अत्तर देतात, तू तेल हुंगायला लावतोस.

मग तू पोल्ट्रीची अंडी पनवेलला आणायचा धंदा सुरू केलास आणि मी चालवायला लागले, आणि सांगते, तुझ्यापेक्षा चांगली चालवायला लागले. तुझं डंपरचं अंग. गाडी मागे घेताना ती पुरती थांबायच्या आधीच तू लिव्हर पुढे ढकलायचास आणि आतून ठक्क असा आवाज यायचा. मी ओरडायचे. "दादा, थांबू दे की तिला!" "काय होत नाय. कंपनीचा हाय." मागे अंड्यांचे ट्रे रचलेले, त्यांचं काय? त्यांना कंपनीचा गिअरबॉक्स कळतो का? आपलं हे भांडण किती वर्षं चाललं. तू म्हणायचास गिअरबॉक्स टिकला तो कंपनीने दणकट बनवला म्हणून. मी म्हणायचे टिकला तो माझ्या उजव्या पायामुळे. ज्यांनी एका पावसाळ्याची मुदत दिली होती त्यातल्या दोघांची गॅरेजं बंद पडली. आपली गाडी धावतच होती. तेल लालच्या लाल. पण तू कधी म्हणाला नाहीस की हो बाय, तुझ्यामुळे. एकदासुद्धा नाही.

आणि खरं भांडण ते नव्हतंच. खरं भांडण पळस्पे फाट्याचं.

पोल्ट्रीपासून मी चालवायची. कर्नाळ्याची खिंड मी चढवायची, उतरवायची. तू बाजूला बसून शेंगा खायचास, गाणी म्हणायचास. आणि पळस्पे फाटा आला की तुझा आवाज बदलायचा. "घे बाजूला." मी गाडी बाजूला घ्यायची, काठी शोधायची, तू पलीकडून फेरा मारून यायचास, मी सीटवरून घसरत तुझ्या जागी जायची. पनवेलमध्ये शिरताना स्टेअरिंगवर तू आणि बाजूला तुझी लंगडी बहीण, ट्रे मोजायला आणलेली. का रे? म्हणायचास, लायसन नाही. लायसनचा एजंट माझ्या पायाकडे बघून हसला आणि त्याने कागद पुढेच सरकवला नाही, हे खरं. पण मग गोव्याच्या रस्त्यावर काय लायसन लागत नव्हतं? तिथे तुला पोलीस दिसत नव्हते? पनवेलमध्येच तेवढे दिसायचे? एकदा वैतागून खरं बोललास. "लोक काय म्हंतील? ह्यानं पांगळ्या भनीला कामाला जुंपली."

पांगळी बहीण! मला त्या शब्दाचं काही वाटलं नाही, तो मी शाळेत रोज ऐकला आहे. मला राग आला तो वेगळा. मला गाडी शिकवलीस, मला रस्ता दिलास, आणि मग लोकांच्या तोंडाला घाबरून तो रस्ता फाट्यावरच काढून घेत राहिलास. देऊन काढून घेणं म्हणतात त्याला. त्यापेक्षा दिलाच नसतास.

तू गेलास त्या दिवशी सकाळी मी तेच म्हटलं. आज मी आळीपर्यंत चालवणार, नाहीतर येत नाही. तू चहाची बशी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "मंग नको येऊ." आणि गेलास. वळून बघितलं नाहीस, समजूत घातली नाहीस. मी ओट्यावर काठी आपटत बसले होते. मला वाटलं संध्याकाळी येशील, खिशातून गरम शेंगा काढशील, आणि आपण उद्या परत भांडू.

मी आले असते तर काय झालं असतं ते मी सांगते तुला. खिंड उतरल्यावर तुझ्या छातीत कळ आली असती, मी एक शब्द न बोलता गाडी हाणली असती. पळस्प्याला थांबले नसते. लोक काय म्हणतील ते म्हणू दे, दवाखान्याच्या दारात गाडी नेऊन उभी केली असती, आणि अख्ख्या पनवेलने बघितलं असतं. हे झालं नाही ते तुझ्यामुळे, माझ्यामुळे नाही. मला "नको येऊ" म्हणणारा तू होतास. हा दोष मी घेणार नाही, दादा. मला रात्रंदिवस तो देऊ बघतात सगळे, गाडीत कोणी सोबत नव्हतं म्हणून. मी घेत नाही.

तू कर्नाळ्याच्या पुढे गाडी कडेला घेतलीस, हँडब्रेक ओढलास, चावी काढून खिशात टाकलीस आणि रस्त्यात उभा राहून एसटीला हात केलास. कंडक्टर ओळखीचा. त्याने सांगितलं, तू सीटवर बसताना एवढंच म्हणालास, "अंडी हायत मागं, उनान ठेवू नका." पनवेल यायच्या आत संपलास.

दुसऱ्या दिवशी जगू तुझ्या खिशातली चावी घेऊन गाडी आणायला गेला. आपल्याकडे कोणीही गेलं की त्याची गाडी, त्याची होडी, जे काय पोटापाण्याचं असेल ते दारात आणून उभं करतात, हे मला मान्य आहे. भावना चांगली होती, हेसुद्धा मान्य. पण अरे, विचारायचं कोणाला तरी! त्याने चावी फिरवली. काही झालं नाही. आवाजसुद्धा नाही. मग त्याने आपल्याकडचे सगळे जे करतात ते केलं. बॅटरी उतरली म्हणाला आणि चार माणसं लावून धक्का मारला. ही गाडी धक्क्याने चालू होत नाही, दादा, तू मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतंस. मग त्याने दोरी काढली.

तुला आठवतं ना तू काय सांगायचास? ह्या गिअरबॉक्सचं तेल इंजिनच्या जोरावर फिरतं. इंजिन बंद आणि मागची चाकं फिरतायत म्हणजे आत सगळं कोरडं घासतंय. दोरी लावायचीच वेळ आली तर मागची चाकं उचलून घ्या, नाहीतर ढकलत कडेला न्या, पण ओढू नका. परदेशी साहेबाने तुला ते हातवारे करून सांगितलं होतं आणि तू मला तसेच हातवारे करून दाखवलं होतंस, डोळे मोठे करून, मी पोट धरून हसले होते. ते तू मला सांगितलंस. फक्त मला. आणि मी गाडी चालवते हे तू जगात कोणालाच सांगितलं नाहीस, मग जगू माझ्याकडे विचारायला येईल कशाला? त्याच्या लेखी मी ट्रे मोजणारी. पळस्पे फाट्याला तू मला जे उतरवत राहिलास ना, त्याची किंमत त्या गिअरबॉक्सने भरली.

दहाव्याला तर कहर झाला. गाढी नदीच्या काठी पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. तिथल्या बाभळीवर बसून नुसता बघतोय. मामा म्हणाले, तुझ्या पोरांचं शिक्षण करू. नाही शिवला. काका म्हणाले, मालूला आम्ही सांभाळू, म्हणजे मला. नाही शिवला, आणि बरं केलंन. मग जगू पुढे झाला, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "दादा, तुजी गाडी मी सांबाळीन, तिला काय होऊ देनार नाय." आणि तो कावळा झपकन उतरला! सगळे म्हणाले, बघा, जीव गाडीत अडकला होता. तू ऐकलंस ते? तुला पटलं? ज्याने आदल्याच आठवड्यात तुझा गिअरबॉक्स कोरडा घासत आणला त्याच्या शब्दावर तू खुशाल निघालास? का त्या कावळ्याला भूक लागली होती? मी तर म्हणते भूकच लागली होती.

आज जेवणं झाल्यावर मी सगळ्यांच्या देखत जगूकडे चावी मागितली. तो हसला. वाईट हसला नाही, आपण लहान मुलाला हसतो तसा. "तुला काय कराची चावी, मालू?" मी म्हटलं, चालवायची. काकी पदराने डोळे पुसायला लागली, तिला वाटलं दुःखाने माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

तेव्हा वहिनी बोलली. इतके दिवस जिने हूं की चूं केलं नव्हतं ती. "दे तिला चावी. गाडी तीच चालवायची." जगू म्हणाला, "वयनी, काय पन काय सांगतेस?" वहिनी म्हणाली, "मला शिकवू नको. ज्या दिवशी हे चालवायचे त्या दिवशी फुटकी अंडी यायची घरात, पोरं बुर्जी खायची. मालू चालवायची त्या दिवशी पोरं वरणभात खायची. हे मला रोज म्हनायचे, बाय हाय म्हनून गिअरबॉक्स टिकलाय, मी एकला असतो तर कवाच खाल्ला असता."

रोज म्हणायचास! तिला रोज म्हणायचास आणि मला एकदा नाही? माझ्यासमोर कंपनी, कंपनी करत राहिलास आणि चुलीपाशी जाऊन माझं कौतुक? असला कसला रे माणूस तू! मी काय ते ऐकून मरून जाणार होते? वहिनीने मला पाण्याचा तांब्या दिला. मी तो प्यायले नाही. चावी घेतली आणि काठी टेकत गाडीकडे गेले. मागून अख्खं तेरावं आलं.

दार उघडलं, बसले. तुझा वास होता, डिझेलचा आणि शेंगांचा. मी लिव्हरकडे बघितलं.

लिव्हर डी वर होता.

तू ठेवला होतास तिथेच. जगूला तो कशाचा दांडा आहे हेच माहीत नाही, त्याने हातच लावला नव्हता. म्हणून चालू झाली नाही. बॅटरी उतरली नव्हती, काही नव्हतं. एवढी वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडणारा तू, त्या दिवशी पार्कमध्ये टाकायला विसरलास. मी चिडलेच, खोटं कशाला सांगू. पहिल्यांदा चिडलेच. तुझा शेवटचा हात त्या लिव्हरवर जिथे थांबला होता तिथून तो मला हलवायचा होता, नाहीतर गाडी सुरू होणार नव्हती. सगळी आळी काचेतून बघत होती. मी ब्रेकवर पाय ठेवला, लिव्हर पी वर ओढला आणि चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू झाली. बाहेर कोणीतरी "अगं आय!" म्हणालं.

इंजिन गरम होऊ दिलं. खाली उतरून पट्टी काढली. तेल काळं होतं, दादा. वास घेतला. तो वास मला कोणी सांगायला नको होता. तरी आत येऊन बसले, डी वर टाकलं, हळूच पाय दिला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही. आणखी दिला. नाही. पुढे जायचे गिअर सगळे जळून गेलेत. मग आर वर, म्हणजे रिव्हर्सला टाकलं, आणि थोडं थांबून, एक झटका देऊन, ती मागे निघाली.

मग मी ठरवलं. आळीतून मागे मागे घेतली, आरशात बघत, कुठेही न घासता, काकीच्या तुळशीला न लागता. पोरं बाजूला पळत होती. बायका ओट्यावर उभ्या राहिल्या होत्या. जगूच्या दारापर्यंत गेले, त्याच्या अंगणाच्या तोंडाशी आडवी लावली आणि बंद केली. आत त्याचा टेम्पो. आता तो बाहेर पडणार नाही.

जगू धावत आला. "मालू, असं काय करतेस? मला उद्या मार्केटला जायचंय!" मी म्हटलं, मलापण जायचंय. गिअरबॉक्स बनवून आण, मुंबईहून आण, कुठूनपण आण, ती पुढे जायला लागली की मी काढते. तू शब्द दिलायस, कावळ्याने ऐकलाय. तो डोकं खाजवत म्हणाला, "मी दोरी लावून जरा बाजूला..." मी म्हटलं, दोरीला हात लावून तर बघ. मागे वहिनी उभी होती, पोरं होती, मामा होते. कोणी त्याची बाजू घेतली नाही. कोणी मला वेडी पण म्हणालं नाही. मामा एवढंच म्हणाले, "पोरीनं घासली नाय रे कुठं."

बघितलंस? सगळ्यांनी बघितलं, आणि आभाळ कोसळलं नाही. एवढंच मागत होते मी तुझ्याकडे.

ते सगळे पांगल्यावर मी तशीच बसून राहिले. चिडायला कोणी उरलं नव्हतं समोर. आणि मग मला कळलं, दादा. पार्कमध्ये टाकायला तू विसरलास, तू, म्हणजे किती दुखत असेल रे तुला.

उतरताना मी पार्कमध्ये टाकलं. दोनदा बघून घेतलं.